बाबूजींच्या डोळ्याची बाहुली

गोंदियातल्या डोळ्यांच्या एका खासगी दवाखान्यात मी चौदा वर्षांपासून ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. मॅडम ऑपरेशन करतात आणि मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून हत्यारं देते. समोरच्या भिंतीवर एक स्क्रीन आहे. मायक्रोस्कोपमधून मॅडमना जे दिसतं तेच मला त्या स्क्रीनवर दिसतं. जेवणाच्या ताटाएवढा एक डोळा आणि त्याच्या मधोमध काळी, गोल बाहुली.

मोतीबिंदू या बाहुलीच्या मागे असतो. तो काढायचा तर बाहुलीतूनच आत जावं लागतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी टाकायचे, मग टॉर्च मारून बघायचं. बहुतेकांची बाहुली छान पसरते आणि ऑपरेशन संपेपर्यंत तशीच राहते. काहींची पसरतच नाही. आणि काहींची आधी नीट पसरते, मग ऑपरेशन अर्ध्यावर आलं की आवळायला लागते. डोळ्यात पाणी खेळत असतं, त्या पाण्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिल्या कापडासारखा हलायला लागतो आणि मधलं भोक बारीक होत जातं. मॅडमना जिथे काम करायचं आहे तिथलं काही दिसेनासं होतं.

सुरुवातीला मला यातलं काही कळत नव्हतं. नंतर हळूहळू लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उघडल्यावर पेशंट काय बोलेल हे मला आदल्या दिवशी स्क्रीनवरच कळतं. बाहुली शेवटपर्यंत उघडी राहिली असेल तर पट्टी निघताच म्हातारी माणसं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात, पट्टीचा ट्रे धरून उभ्या असलेल्या दवाखान्यातल्या मावशीच्या साडीचा रंग सांगतात. बाहुलीने त्रास दिला असेल तर डोळा लाल असतो, पुढची काच सुजून धुरकट झालेली असते, आणि पेशंट काही न बोलता नुसता बसून राहतो. त्याचा डोळा पुढे बरा होतो, पण वेळ घेतो. क्वचित पूर्ण बरा होतही नाही.

बाहुली अशी का वागते याची कारणं पुष्कळ आहेत. मधुमेह असतो, डोळ्याला जुना मार असतो. पण म्हाताऱ्या पुरुषांच्या बाबतीत एक कारण फार साधं असतं. वय झालं की लघवी अडकते, त्यासाठी जी गोळी देतात तिच्यातल्या काही औषधांनी बाहुलीभोवतीचा पडदाही ढिला पडतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी भरायच्या आमच्या कागदावर एक प्रश्न आहे: लघवीच्या त्रासासाठी गोळी घेता का, किंवा आधी कधी घेतली होती का? आधीच माहीत असलं की मॅडम तयारी ठेवतात. हा प्रश्न मी रोज विचारते. मोठ्याने विचारते, कारण म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं. “बाबा, मुताची गोळी घेता का जी?” बाकावरच्या बायका हसतात, बाबा लाजतात, आणि मी ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिते.

माझ्या वडिलांना मी तो विचारला नाही.

आमचं गाव सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. आम्ही पवार, घरची धानाची शेती. बाबूजी पंच्याहत्तरीला आलेले, पण बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरल्याशिवाय त्यांचा दिवस जात नव्हता. त्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी ते धुऱ्यावरून दोनदा पडले. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, जेमतेम दोन पावलं रुंद. पन्नास-साठ वर्षं ज्या धुऱ्यावरून ते पळत गेले, त्यावरून आता काठीने चाचपत जायला लागले होते. मी गावी गेले तेव्हा त्यांना उजेडात उभं केलं, तर दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू साध्या नजरेने दिसत होता. मी म्हटलं, आमच्याच दवाखान्यात करू, मॅडमचा हात चांगला आहे. ते म्हणाले, “चुरणं होऊ दे. धान घरात आलं का येतो.”

डिसेंबरात मळणी आटोपली आणि बाबूजी व माय सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला आले. माझ्याच घरी उतरले. ऑपरेशनआधीच्या दोन दिवसांत बाबूजी वारंवार उठून मागच्या अंगणातल्या संडासाकडे जात होते. बराच वेळ लागत होता. एकदा मायने हाक मारली, “झालं का नाई?” आतून उत्तर आलं, “होऊन राह्यलं.” मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू गेलं. मी नर्स आहे. कुणाही परक्या म्हाताऱ्याचं एवढं ऐकलं असतं तर मी लगेच त्याच्या गोळ्यांची पिशवी मागितली असती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दवाखान्यात मी त्यांचा कागद भरायला बसले. नाव, वय, साखर, बीपी. ते माझ्या समोर स्टुलावर ताठ बसले होते, स्वच्छ धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. शेजारी माय. साखर नाही, बीपी नाही, दमा नाही. मग तो प्रश्न आला. माझा पेन थांबला. आमच्या घरात मुलगी आणि बाप यांच्यात असल्या गोष्टी बोलत नाहीत. लग्न झालं, मुलं झाली, रोज दहा परक्या माणसांना विचारते, तरी त्या क्षणी माझी जीभ वळली नाही. मायला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. ते सुचलं नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. सुचलं होतं. पण बाहेर सात पेशंट थांबले होते आणि मी कागदावर ‘नाही’ लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, “वडिलांच्या केसला तू बाहेर बसतेस का? दुसरी सिस्टर उभी राहील.” मी म्हटलं, नको, मीच राहते. मला वाटलं होतं, मी जवळ असले तर त्यांना धीर येईल.

थेंबांनी बाबूजींची बाहुली मध्यमच पसरली. मी टॉर्च मारून पाहिलं आणि आणखी एकदा थेंब टाकले. मॅडमनी पाहिलं, म्हणाल्या, “चालेल.” डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन दिलं. त्याने डोळा बधिर होतो, माणूस मात्र पूर्ण जागा असतो. बाबूजींच्या तोंडावर हिरवं कापड टाकलं, फक्त डोळ्यापुरतं भोक उघडं. कापडाखालून त्यांचा आवाज आला, “तू आहेस ना बाई?”

“आहे बाबूजी. आता बोलू नका, हलू नका.”

पहिली काही मिनिटं सगळं रोजच्यासारखं चाललं. मॅडमनी बारीक छेद घेतला, मोतीबिंदूवरची पातळ साल गोल काढली. मग मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं यंत्र आत गेलं, पाणी सुरू झालं. मॅडमनी पायाखालचं पेडल दाबलं आणि यंत्राचा आवाज सुरू झाला. मी पुढचं हत्यार हातात घेऊन स्क्रीनकडे पाहिलं.

बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा हलत होता. पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर वर येत होता, खाली जात होता.

मॅडमनाही दिसलं. त्यांनी पाणी कमी केलं. पडदा थोडा शांत झाला, पण छेदाच्या दिशेने सरकला आणि त्याची एक घडी छेदातून बाहेर डोकावली. मॅडमनी ती हलक्या हाताने आत ढकलली. ती परत आली. स्क्रीनवरची काळी गोल बाहुली आता आधीच्या अर्ध्यावर आली होती आणि आणखी बारीक होत होती. मोतीबिंदूचे तीन मोठे तुकडे अजून आत होते, त्यांच्या कडा दिसत नव्हत्या. त्या तुकड्यांच्या मागे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा असतो. तो फाटला तर तुकडे डोळ्याच्या तळाशी पडतात आणि मग आणखी मोठ्या ऑपरेशनसाठी नागपूरला धावावं लागतं. असं झालेलं मी पाहिलं आहे. त्या माणसांची तोंडं मला आठवतात.

मॅडमनी पेडलवरचा पाय काढला. यंत्र थांबलं.

“सिस्टर, हे लघवीची गोळी घेतात का?”

मी म्हटलं, “कागदावर नाही लिहिलंय, मॅडम.”

हे वाक्य मी कसं रचलं, किती पटकन रचलं, याची मला आजही भीती वाटते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडम काही म्हणणार एवढ्यात कापडाखालून बाबूजी बोलले. आवाज अगदी साधा होता, जणू बाजारात कुणी भाव विचारला.

“घेऊन राह्यलो जी. दोन साल झाले.”

मॅडमचे हात तसेच होते. “बाबा, कॅप्सूल आहे का? कोणत्या रंगाची?”

“आर्धी हिरवी, आर्धी नारंगी. रोज एक.”

“ठीक आहे. आता बोलू नका, हलू नका. सिस्टर, हुक काढा. चारही. आणि बाहुली मोठी करायचं इंजेक्शन भरा, पातळ करून.”

हुक म्हणजे केसाएवढे बारीक आकडे. डोळ्याच्या कडेला चार छिद्रं पाडून ते आत सोडायचे आणि बाहुलीची कड चारही बाजूंनी ओढून धरायची. आधी माहीत असतं तर ते सुरुवातीलाच लावले असते, निवांत. आता आत मोतीबिंदूचे तुकडे मोकळे होते आणि पडदा ढिला होऊन पसरला होता. मी पाकीट फोडलं. पहिला हुक माझ्या चिमट्यातून निसटून ट्रेमध्ये पडला. मॅडमनी मान वर न करता विचारलं, “जमेल का तुला?” मी हो म्हटलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

पहिला हुक बसला. दुसरा बसवताना पडद्याच्या कडेला बारीक ओरखडा गेला आणि रक्ताची एक रेघ पाण्यात उठली. ती स्क्रीनवर लाल धुरासारखी पसरली. तेवढ्यात बाबूजींनी विचारलं, “बाई, का झालं? सारे चूप काऊन झाले?”

मी त्यांना उत्तर देऊ शकले असते. मी तिसरा हुक चिमट्यात धरून स्क्रीनकडेच पाहत राहिले. माझे हात निर्जंतुक मोज्यांत होते, त्यांना हात लावायची सोय नव्हती. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “काही नाही बाबा, थोडा वेळ जास्त लागेल.” त्यांनी मावशीला खुणावलं. मावशी कापडाखाली हात घालून त्यांचा हात धरून उभी राहिली. माझ्या बापाचा हात मावशीने धरला होता आणि मी दोन फुटांवर उभी होते.

वीस मिनिटांचं ऑपरेशन तासाभराच्या जवळ गेलं. तुकड्यांच्या मागचा तो पातळ पडदा फाटला नाही. लेन्स बसली. शेवटचा हुक काढल्यावर स्क्रीनवर जी बाहुली दिसली ती गोल नव्हती. एका बाजूला ओढलेली, पाण्याच्या थेंबासारखी, आणि कडेला पडद्याची झालर उसवलेली. मॅडमनी मास्क काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, “लेन्स चांगली बसली आहे. पण डोळ्याला फार मार बसलाय. उद्या काय दिसतं ते बघू.” मग जाता जाता म्हणाल्या, “कितीही विचारलं तरी म्हातारी माणसं सांगत नाहीत.”

मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मॅडमनी स्वतः काढली. मी बाबूजींच्या मागे उभी होते. डोळा लालबुंद, पुढची काच दुधात पाणी टाकल्यासारखी. मॅडमनी दोन बोटं धरली.

“किती बोटं बाबा?”

“बोटं कुठी आहेत?”

मॅडमनी हात अगदी नाकाजवळ नेला आणि हलवला. “आता?”

“काहीतरी हालून राह्यलं.”

माय खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. ऑपरेशनच्या आधी त्याच डोळ्याने बाबूजींना अंगणातला बैल ओळखू येत होता. मॅडमनी नीट समजावलं. डोळ्याची काच सुजली आहे, ती उतरेल, दर तासाला थेंब टाकायचे, घाई करायची नाही. मग त्या रागाने नाही, पण थोड्या कडक आवाजात म्हणाल्या, “पण बाबा, कागद भरताना विचारलं तेव्हा गोळीचं का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं.”

बाबूजींनी मान वळवली. दुसऱ्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने त्यांनी मला शोधलं. त्या डोळ्यातही मोतीबिंदूच होता, मी त्यांना किती दिसले असेन कोण जाणे. मग ते मॅडमकडे तोंड करून म्हणाले, “इसरलो जी.”

तरीही मी बोलले नाही.

घरी आणल्यावर मी दर तासाला थेंब टाकत होते. प्रत्येक वेळी टॉर्च मारून पाहत होते. बाहुली तशीच वाकडी, काच तशीच धुरकट. ऑपरेशन लांबलं की डोळ्यात पू होण्याचा धोका वाढतो हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे आलेला एक पेशंट, दुसरीकडे ऑपरेशन झालेला, तिसऱ्या दिवशी पू झालेला डोळा घेऊन आला होता. तो डोळा वाचला नाही. मी बाबूजींच्या पापण्या उचलून पाहायची तेव्हा मला तोच डोळा दिसायचा. ते म्हणायचे, “किती पाह्यशीन? पाहून पाहून घासून टाकशीन.”

पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवता जेवता थांबले. हात कपाळाला लावला. “डोकं फुटून राह्यलं बाई.” मग उलटी झाली. मी त्यांना तसंच ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्यांनी डोळ्यावर दुपट्टा दाबून धरला होता आणि ते कण्हत होते. मी त्यांना हात काढायला सांगत होते. ऑटोवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि हॉर्न वाजवत रेल्वे पुलावरून गाडी काढली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: पू झाला. माझ्यामुळे झाला.

मॅडमनी लगेच तपासलं. मी भिंतीला टेकून उभी होते, मला मशीनकडे पाहवत नव्हतं.

“पू नाही,” त्या म्हणाल्या. “डोळ्याचा दाब वाढलाय. म्हणून दुखतंय. उतरवू.”

गोळी दिली, थेंब दिले, डोळ्यातलं थोडं पाणी सुईने काढलं. अर्ध्या तासात बाबूजींचं कण्हणं थांबलं आणि ते बाकावर झोपून गेले. मॅडम हात धुवायला आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले.

“मॅडम, बाबूजी विसरले नव्हते. मी विचारलंच नव्हतं. मीच ‘नाही’ लिहिलं.”

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

“का?”

“वडील आहेत. विचारायची लाज वाटली.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुसले आणि हळू आवाजात विचारलं, “आणखी किती जणांचं असं न विचारता लिहिलंस?”

“कुणाचंच नाही. फक्त बाबूजींचं.”

“नक्की?”

मी नक्की म्हटलं. पण त्या एका शब्दाने मला पुढचे कित्येक दिवस झोपू दिलं नाही. चौदा वर्षांत किती कागद भरले होते. घाईच्या दिवशी, शिबिराच्या गर्दीत, एखादा फारच वयस्कर, एखादा ओळखीचा, एखादा आमच्याच गावचा. कुणाचं राहिलं तर नाही ना? ज्यांची बाहुली ऑपरेशनमध्ये आवळली होती त्यांचे चेहरे मी आठवून पाहत होते. महिनाभर मॅडमनी मला एकही कागद भरू दिला नाही. दुसऱ्या सिस्टरने विचारलं, काऊन गं, तर मी तिला खरं सांगितलं. तोपर्यंत खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

बाबूजींशीही बोलायचं होतं. त्याच संध्याकाळी घरी, ते उठून बसल्यावर, चहा झाल्यावर, मी विचारलं, “मॅडमना इसरलो काऊन सांगितलं?”

“मंग का सांगू? माह्या पोरीनं इचारलं नाई म्हणू?” ते म्हणाले. “तुले त्याच जागी नोकरी करा लागते.”

मी रिकामी कपबशी उचलली. तेच पुढे म्हणाले, “पण तू काऊन नाई इचारलं?”

“लाज वाटली बाबूजी.”

“मुताची कायची लाज वं?” ते खरोखर चकित झाले होते. “तू दवाखान्यात काम करते का देवळात? मले इचारलं असतं तं मी पिशवीतून काढून दाखवली असती. पिशवीतच होती ना.”

माय म्हणाली, “पिशवी तं सोबतच राह्यते त्यायच्या.”

म्हणजे लाज त्यांची नव्हतीच. मी माझी लाज त्यांच्या नावावर लिहिली होती.

पुढचे दोन-तीन आठवडे ते आमच्याकडेच राहिले. काच हळूहळू साफ होत होती, इतकी हळू की रोज पाहणाऱ्याला कळत नव्हती. मॅडम दर चार दिवसांनी तपासायच्या. बोटं दिसायला लागली, मग खिडकीचे गज, मग गजांपलीकडचा विजेचा खांब. एके दिवशी नाश्त्याला बसले असताना ते म्हणाले, “हे तांदूळ आमच्या घरचे नाहीत.” पोहे होते ते. मी म्हटलं, तांदूळ नाहीत, पोहे आहेत. ते म्हणाले, “तेच म्हटलं, कसे चपटे दिसून राह्यले.” माय हसली. मी उठून आत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

तरी महिन्याने पुन्हा नजर थोडी मंदावली. मॅडमनी डोळ्याच्या तळाचा पडदा तपासला, त्याला सूज आली होती. अशा डोळ्यांत नंतरही सूज येऊ शकते, असं त्या म्हणाल्या. पुन्हा थेंब, पुन्हा वाट पाहणं. मी गावी फोन केला की आधी डोळ्याचं विचारायची. बाबूजी फोन कानाला लावून ओरडायचे, “आहे तसंच आहे, काय रोज रोज!” आणि मला दिवसभर ‘तसंच’ म्हणजे चांगलं की वाईट हे कळायचं नाही.

होळीपर्यंत सूज उतरली. नजर चांगली आली, चष्म्याने वर्तमानपत्राचे मथळे वाचण्याइतकी. पण बाहुली वाकडी राहिली ती राहिलीच. उजेडात आपली बाहुली लहान होते आणि डोळ्यांना सांभाळते. त्यांची नीट लहान होत नाही. दुपारी बांधीत पाणी चमकायला लागलं की त्यांचे डोळे मिटतात. काळा चष्मा घालून ते धुऱ्यावरून चालतात, गावातली पोरं त्यांना हिरो म्हणतात. त्यांना ते आवडतं की नाही हे मला कधी कळलं नाही. पण रोवणीत ते पडले नाहीत.

दुसरा डोळा करायचा की नाही यावर घरात खूप बोलणं झालं. माय नको म्हणत होती. मलाही नको वाटत होतं, पण मी तसं म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर ती माझी भीती बोलली असती, त्यांच्या डोळ्याचा विचार नव्हे. गोळी आधीपासून बंद केली तर, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “बंद करून फारसा फरक पडत नाही. दोन वर्षं घेतली आहे, पडदा ढिला झालाच. आणि लघवी अडकली तर वेगळीच पंचाईत. गोळी चालू राहू दे. यावेळी मी तयार आहे.”

बाबूजींनी एका वाक्यात विषय संपवला. “एका डोळ्यानं बैलाच्या अंधाऱ्या कोठ्यातली पायरी दिसत नाई. करून टाका.”

श्रावणात रोवणी आटोपल्यावर ते परत आले. मॅडम म्हणाल्या, “यावेळी तू आत यायचं नाहीस.” मी वाद घातला नाही.

चौदा वर्षांत मी पहिल्यांदा थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसले. आत उभं असताना मला वाटायचं, बाहेरच्यांना काय, ते तर नुसते बसलेले असतात. आत निदान स्क्रीन असते, काय चाललंय ते दिसतं. बाहेर फक्त दार होतं. दाराच्या वरची लाल बत्ती लागली. माय माळ ओढत बसली होती. मी मनातल्या मनात मोजत होते. आता इंजेक्शन. आता छेद. आता मॅडम आधीच हुक लावत असतील, एक, दोन, तीन, चार. आता पाणी सुरू. आता पडदा हलत असेल. मग कळलं की मी नुसता अंदाज करते आहे, आत काहीही चाललेलं असू शकतं.

बाजूला कोहमाऱ्याकडून आलेली एक बाई होती, तिच्या नवऱ्याचा नंबर पुढचा. तिने विचारलं, “लै दुखते का जी आतमधी?” मी नेहमी देते ते उत्तर दिलं, काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं. मग तिचा चेहरा पाहिला आणि तिला विचारलं, “तुमच्या मालकाला लघवीची गोळी चालू आहे का?” ती म्हणाली, “सकाळी दुसऱ्या ताईनं इचारलं ना. नाई चालू.” मी तरी तिच्या पिशवीतली सगळी औषधं बाकावर काढून बघितली. बीपीची एक गोळी आणि पोटाची एक. ती बाई माझ्याकडे जरा घाबरूनच बघत होती.

पस्तीस मिनिटांनी दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या नाहीत, मावशी आली, बाबूजींना धरून. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. मी उठून त्यांच्यापर्यंत गेले. मावशी म्हणाली, “बाहुली आवळली होती ताई, पण हुकानं धरून ठेवली मॅडमनी. चांगलं झालं म्हणते.”

“म्हणते म्हणजे? काच कशी आहे? सांगितलं का काही?”

“उद्या पट्टी उघडली का सांगतो म्हणते.”

बाबूजी बाकावर बसले आणि मायला म्हणाले, “भूक लागली वं.” मायने डब्यातून पोळी काढली. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. उद्या सकाळी नऊ वाजता पट्टी निघणार होती. तोपर्यंत अठरा-एकोणीस तास होते, आणि ते कसे काढायचे हे मला, एवढ्या लोकांना धीर देणाऱ्या सिस्टरला, माहीत नव्हतं.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी पट्टी काढली, तीन बोटं धरली, आणि बाबूजी म्हणाले, “तीन. अंगठी काऊन नाई घालत तुमी?”